रॉयक्सॉपच्या गावात, भर डिसेंबरात

रॉयक्सॉप या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या नॉर्वेजियन जोडीचा 'मेलडी ए.एम.' हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हापासून त्यांचं गाव बघायचं मनात होतं. विमानातली बहुतेक मंडळी नॉर्दर्न लाइट्ससाठी निघालेली. मला ओढ होती ती या जोडीतले स्वेन बर्गे आणि टोर्ब्योर्न ब्रुंटलान जिथे वाढले, त्या ट्रॉम्सोची.

आर्क्टिक वर्तुळाच्या साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला, बेटावर वसलेलं हे शहर. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य उगवतच नाही. तरी दुपार काळीकुट्ट नसते. दक्षिणेला गुलाबी कडा उमटते, बर्फ निळा दिसायला लागतो आणि बघता बघता सगळं विझतं. त्या उजेडात मी किलोमीटरभर लांबीचा पूल चालत ओलांडला. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, समोर आर्क्टिक कॅथीड्रलचे पांढरे त्रिकोण आणि हेडफोनमध्ये त्यांच्या 'एप्ले'ची गिरक्या घेणारी धून. फार सुख वाटलं.

रॉयक्सॉपबद्दल बोलताना लोक सगळं श्रेय बर्फाला आणि अंधाराला देतात. मला ते पटत नाही. बर्फ आणि अंधार उत्तर नॉर्वेत गावोगावी आहेत. इलेक्ट्रॉनिक संगीतकार गैर येन्सेन मात्र ट्रॉम्सोचा! 'बायोस्फिअर' या नावाने त्याने १९९१ मध्ये 'मायक्रोग्रॅव्हिटी' हा अल्बम काढला, तेव्हा बर्गे आणि ब्रुंटलान पंधरा-सोळा वर्षांची पोरं होती. आपल्या गावातला माणूस सिंथेसायझर घेऊन बसतो आणि त्याचं संगीत युरोपभर ऐकलं जातं, हे त्या वयात दिसलं की केवढं बळ येत असेल! पुढे चौघांच्या 'एडेना सायकल' या गटात दोघांनी हात साफ केला.

ट्रॉम्सोहून मी बर्गनला गेले. तिथे पाऊस, नुसता पाऊस. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दोघं या शहरात पुन्हा भेटले, रॉयक्सॉप उभं राहिलं आणि २००१ मध्ये 'मेलडी ए.एम.' आला. त्यातली 'पुअर लेनो' आणि 'रिमाइंड मी' बर्गनच्याच एर्लेन्ड ओयेने गायली आहेत. त्याच्या त्या हळुवार, जवळ बसून बोलल्यासारख्या आवाजाशिवाय हा अल्बम मला कल्पनेतही ऐकू येत नाही.

ट्रॉम्सोला जायचं ठरवत असाल तर ऑक्टोबरचाही विचार करा. 'इन्सोम्निया' हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव तेव्हा भरतो. पुढच्या खेपेला मी त्याच सुमारास जाणार आहे.