आईच्या पदरातली माळ

मंगळवार, रात्री. परभणी

भैय्याच्या लिव्हरच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला तीन महिने झाले, त्याचा सीटी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही. आईनं दोनदा विचारलं, "काही दिसत नाही म्हंजी चांगलंच ना?"

सोयाबीनच्या काढणीत त्याला उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. ओझं उचललं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. गावातल्या डॉक्टरांनी दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. मग सोनोग्राफीत लिव्हरमध्ये ११ सेंटिमीटरची गाठ निघाली.

तेव्हापासून जो येईल तो हळूच विचारायचा, "पितो का?" १९ वर्षांचं माळकरी लेकरू! आई काहीच बोलायची नाही, नुसती आत निघून जायची.

लिव्हरच्या कॅन्सरात रक्तात बहुतेकदा वाढणारा एएफपी नॉर्मल आला आणि मला वाटलं, सुटलो. संभाजीनगरच्या सर्जननी सांगितलं, कॅन्सरच्या या प्रकारात तो बहुतेकदा नॉर्मलच असतो. फिल्मवर गाठीच्या मधोमध चांदणीसारखा व्रण होता, त्यावर त्यांनी पेन टेकवलं. सुईच्या तपासणीत नाव पक्कं झालं: फायब्रोलॅमेलर. लिव्हरच्या कॅन्सरात शंभरात एखादा, तोही बहुतेक तरण्याताठ्या पोरापोरींना. दारूशी संबंध नाही. पेशीतले दोन जीन चुकीचे जोडले जातात, हे २०१४ साली कळलं. त्या संशोधनात एलाना सायमन नावाची मुलगी होती, वयाच्या १२ व्या वर्षी याच आजाराचं ऑपरेशन झालेली. ती जगली, शिकली, हे मी आईला तीन वेळा सांगितलं.

केमोचा यावर फार भरवसा नाही, गाठ पूर्ण काढणं हाच खरा इलाज. निम्म्याहून जास्त लिव्हर काढायचं होतं, शेजारच्या लसिका गाठीसुद्धा. उरलेल्यावर कसं भागायचं, मी विचारलं. "ताई, बाकीचं लिव्हर निरोगी आहे, म्हणून तर एवढं काढता येतंय. ते परत वाढतं." विचारणाऱ्या एकेकाला धरून हे ऐकवावं असं झालं.

थिएटरबाहेर सिस्टरनी माळ काढायला सांगितली. आईनंच ती उतरवली आणि पदराच्या गाठीत बांधली. सात तास मूठ सोडली नाही. नंतर बोटं सरळ होईनात, मी चोळून दिली.

पोटातल्या नळीतून चार दिवस हिरवट पित्त येत होतं. किती मिलिलिटर, ते मी रोज या वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. पाचव्या दिवशी आकडा उतरला.

पुढचा स्कॅन परत तीन महिन्यांनी. हा आजार उलटू शकतो, हे डॉक्टरांनी लपवलेलं नाही. येताना बसमध्ये भैय्या खिडकीला टेकून झोपला होता. माळ पाठीवर गेली होती. आईनं त्याला न उठवता ती पुढं घेतली.