संदर्भ वाचतानाच टिपायचा

सोमवार

प्रकल्पांचे पहिले मसुदे यायला लागले की संदर्भसूची आधी उघडावी, प्रकरणं नंतर. विद्यार्थ्याने काय वाचलं आणि कसं वाचलं, दोन्ही सूचीतून कळतं. यंदाही बऱ्याच सूच्या एका रात्रीत उभ्या राहिलेल्या दिसतात. एका ओळीत आडनाव आधी, दुसरीत नाव आधी, मध्येच अडीच ओळींची लिंक, आणि शेवटी 'गुगल'. गुगल हा स्रोत नव्हे. ग्रंथालयाच्या दाराचा संदर्भ कुणी देतं का?

मुलांना धास्ती असते ती स्वल्पविरामाची. संदर्भ लिहिण्याची पद्धत एपीए की एमएलए, तिरपी अक्षरं कशाला, वर्ष कंसात की बाहेर. ही सगळी हमाली झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर करतं. पण कुठली आवृत्ती वाचली आणि वाक्य कुठल्या पानावर होतं, हे ते सांगू शकत नाही. पुस्तक ग्रंथालयात परत गेलं की ही माहितीही त्याच्याबरोबर गेली.

म्हणून टिपण काढायला बसलं की पहिल्या ओळीच्या आधी, पानाच्या माथ्यावर एवढं लिहायचं: लेखक, संपादक किंवा अनुवादक, पूर्ण शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष. मग प्रत्येक टिपणाच्या डावीकडे समासात पृष्ठक्रमांक. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले असतील तर अवतरणचिन्हं वहीतच घालायची, आणि आपल्या शब्दांत सार लिहिलं असेल तर समासात 'सार' असा शब्द. ही खूण नसली की महिन्याभराने वही उघडल्यावर लेखकाचं वाक्य आपलंच वाटू लागतं आणि तसंच प्रकल्पात जातं. चोरीचा हेतू नसताना होणारं वाङ्मयचौर्य बहुतेक वेळा असंच घडतं.

वर्ष शोधायचं ते शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला. मराठी पुस्तकांत तिथे 'पहिली आवृत्ती', 'दुसरी आवृत्ती', 'पुनर्मुद्रण' अशी उतरंड असते. हातात जी प्रत आहे तिच्या आवृत्तीचं वर्ष घ्यायचं. पुनर्मुद्रणात मजकूर सहसा तोच राहतो, पण नव्या आवृत्तीत पानं सरकतात. जुन्या पुस्तकावर नुसता शक असेल तर ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून चैत्र सुरू होईपर्यंतच्या तारखांना मात्र ७९ मिळवावे लागतात.

मंगळवार

आवृत्तीचा घोळ सगळ्यात ठळक दिसतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाच्या संदर्भांत. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ मध्ये प्रसिद्ध झालं. विद्यार्थी सहसा वाचतात ते महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने काढलेल्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या पहिल्या खंडात, जो वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये निघाला. आणि प्रकल्पात लिहितात: (आंबेडकर, १९३६, पृ. ५७). वर्ष एका पुस्तकाचं, पान दुसऱ्याचं. १९३६ ची प्रत काढून पान ५७ उघडणाऱ्याला ते वाक्य तिथे सापडणार नाही.

एपीए पद्धतीत यावर साधा उपाय आहे. मजकुरात (आंबेडकर, १९३६/१९७९, पृ. ५७) असं लिहायचं: आधी मूळ वर्ष, मग हातातल्या प्रतीचं. सूचीत लेखकानंतर १९७९, मग लेखनाचं शीर्षक, संपादक, ग्रंथाचं नाव, खंड १, तो मजकूर खंडात कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत आहे ते, प्रकाशक, आणि अखेरीस कंसात 'मूळ प्रकाशन १९३६'. वाचन मराठी अनुवादातून झालं असेल तर अनुवादकाचं नाव आलंच पाहिजे. अवतरणचिन्हांत घातलेलं मराठी वाक्य अनुवादकाने घडवलेलं आहे, त्याचं श्रेय त्याला मिळायला हवं. महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयालाही हेच लागू. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्यात, तेव्हा आवृत्ती न सांगता दिलेलं पान निरुपयोगी.

सूचीत 'डॉ.', 'प्रा.', 'महात्मा' ही विशेषणं येत नाहीत: आंबेडकर, भी. रा. आणि फुले, जोतीराव. काही मुलांना हा अनादर वाटतो. त्यांची भावना समजून घ्यावी आणि सांगावं की प्रकरणात आदराने पूर्ण नाव लिहा. सूची आडनावाच्या अक्षरक्रमाने लावायची असते, म्हणून तिथे बिरुदं गळतात.

आणखी एक. आंबेडकरांचं वाक्य दुसऱ्याच कुणाच्या लेखात वाचलं असेल तर 'आंबेडकर, उद्धृत' आणि पुढे त्या लेखाच्या लेखकाचं नाव, वर्ष, पान असं लिहायचं. सूचीत जातो तो फक्त प्रत्यक्ष वाचलेला लेख. मधल्या लेखकाने एखादा शब्द गाळला असेल तर ती चूक नकळत आपल्या नावावर लागते. म्हणून महत्त्वाचं अवतरण असेल तर मूळ ग्रंथ काढून ताडून पाहावं. पहिला खंड मिळणं तसं अवघड नाही.

बुधवार

सरकारी आकडे. '२०११ च्या जनगणनेनुसार मराठी भाषक ८,३०,२६,६८०' हे वाक्य भाषाविषयक प्रकल्पांत हमखास येतं. आकडा बरोबर आहे, पण खाली संदर्भ असतो 'भारत सरकार, २०११'. मोजणी २०११ ची, पण भाषेचा अहवाल प्रसिद्ध झाला २०१८ मध्ये. म्हणून वाक्यात २०११ आणि कंसातल्या संदर्भात २०१८. लेखकाच्या जागी महानिबंधक व जनगणना आयुक्त यांचं कार्यालय, आणि सोबत तक्त्याचा क्रमांक. तक्ता का, तर हा आकडा मराठी या गटाचा आहे. त्यात मराठीखाली मोजलेल्या इतर मातृभाषाही धरलेल्या आहेत. तक्ता दिला नाही तर दुसऱ्या तक्त्यातला वेगळा आकडा पाहून परीक्षकाला हा आकडाच चुकीचा वाटेल.

शासन निर्णयाचंही तसंच. 'महाराष्ट्र शासनाचा जीआर' एवढ्यावरून काहीच सापडत नाही. विभाग, शासन निर्णय क्रमांक, दिनांक आणि शेवटच्या परिच्छेदात दिलेला संगणक संकेतांक, हे चारही उतरवून घ्यावेत. त्यावर नंतर शुद्धिपत्रक निघालं आहे का, तेही बघावं.

शुक्रवार

'सर, अठरा टक्के आले, चालेल ना?' हा प्रश्न आता रोजचाच. टक्के म्हणजे साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळलेला आढळलेला भाग. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा सांगत नाहीत. १० ते ४० टक्क्यांना ठरावीक मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, दुरुस्त मसुदा द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर दुरुस्त मसुदा देता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणी रद्द होते. योग्य संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे त्या मोजणीत धरायचं नसतं. म्हणून आकड्याकडे नंतर बघावं, आधी अहवालातले रंगवलेले भाग एकेक करून वाचावेत. संपूर्ण प्रकल्पात साम्य चार टक्के, पण ते सलग दोन परिच्छेद कुणाचंही नाव न देता उचललेले, असं असेल तर आकडा कितीही लहान असो, ती उचलेगिरीच. उलट कायद्याची कलमं भरपूर असलेल्या प्रकल्पात आकडा फुगतो आणि त्यात गैर काही नसतं.

टक्के उतरवण्यासाठी मुलं शब्द बदलत बसतात: 'महत्त्वपूर्ण'चं 'मोलाचं', 'परिणाम'चं 'प्रभाव'. यंत्र फसेलही, पण मांडणी दुसऱ्याचीच राहते आणि संदर्भ द्यायचा तो द्यावाच लागतो. सार लिहायचं तर पुस्तक मिटून लिहावं, मग उघडून ताडावं.

शनिवार

गुगल स्कॉलर या अभ्यासलेख शोधायच्या संकेतस्थळाच्या तयार संदर्भावर डोळे मिटून विसंबू नये. त्यात कधी अंक क्रमांक गायब असतो, तर कधी संपादित ग्रंथातलं प्रकरण स्वतंत्र पुस्तक म्हणून येतं. लेखाच्या मूळ पानावर जाऊन तिथून झोटेरोत घ्यावं, आणि घेतल्यावर प्रत्येक रकाना डोळ्यांखालून घालावा.

एआयला विचारून आणलेले संदर्भ तर तपासल्याशिवाय घेऊच नयेत. लेखक खरा, नियतकालिक खरं, पण तो लेख कधी लिहिलाच गेला नाही, असं तिथे सर्रास होतं. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, दिला असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून बघायचा. तो उघडतच नाही किंवा भलताच लेख उघडतो, तर संदर्भ बाद. उघडलाच तर लेख वाचायचा, मगच सूचीत घ्यायचा.

सबमिशनच्या आधी सूचीची एक छापील प्रत घ्यावी. प्रकल्प पहिल्या पानापासून चाळत, मजकुरात आलेल्या प्रत्येक नावावर सूचीत टिकमार्क करावा. सूचीत टिकमार्कविना उरलेली नावं काढून टाकावीत, आणि मजकुरात असून सूचीत नसलेली भरावीत. मग कुठल्याही पाच नोंदी वर्गमित्राला द्याव्यात. त्याने फक्त त्या ओळींवरून पुस्तक, लेख, पान शोधून दाखवायचं. जी नोंद त्याला सापडली नाही, ती पुन्हा लिहायची.