ऐरोलीहून हैदराबाद: एम.एस.साठी राज्याबाहेर जाताना

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या गटाने मराठी बातम्यांमध्ये शोध घेणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात ‘ठाणे’ टाइप केलं की ‘ठाण्यातल्या’, ‘ठाण्याहून’, ‘ठाणेकरांनी’ असं लिहिलेल्या बातम्या सापडायच्याच नाहीत. इंग्रजीसाठी असलेली तयार साधनं आमच्या सामान्यरूपापुढे आणि एकावर एक चढणाऱ्या प्रत्ययांपुढे हात टेकायची. प्रोजेक्ट जमा झाला, गुणही मिळाले, पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. भारतीय भाषांचं संगणकाने विश्लेषण कसं करायचं हे नीट शिकायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

आम्ही ऐरोलीत राहतो. बाबा रबाळ्याला कारखान्यात आहेत. कॉलेजच्या प्लेसमेंटमध्ये मला ऐरोलीतल्याच एका आयटी कंपनीची ऑफर होती, घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पुलापलीकडे मुलुंड, तिथून जवळच पवई, म्हणजे आयआयटी मुंबई. त्यामुळे आईचा प्रश्न अगदी रास्त होता: “अगं, शिकायचंच असेल तर पवई इथे आहे. नाहीतर नागपूरला मावशी आहे. इतक्या लांब कशाला?” तिला द्यायला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. पुढचे काही महिने मी ते शोधत होते असंच म्हणायला हवं.

सुरुवात मी रँकिंगच्या याद्यांपासून केली नाही. आपल्याला हवं ते काम कुठे होतं, हे आधी पाहिलं. या क्षेत्रातले बहुतेक शोधनिबंध एसीएल अँथॉलॉजी या संग्रहात फुकट वाचायला मिळतात. तिथे मराठीवरचे निबंध शोधले आणि लेखकांच्या नावाखाली कोणत्या संस्था पुन्हा पुन्हा येतात ते वहीत लिहीत गेले. तीन नावं सतत दिसत होती. पवईच्या आयआयटी मुंबईतलं सीएफआयएलटी हे भाषा-तंत्रज्ञानाचं केंद्र, जिथे मराठीचं वर्डनेट, म्हणजे शब्दांचे अर्थ एकमेकांशी जोडणारा संगणकीय कोश, तयार झालं. आयआयटी मद्रासमधला एआय४भारत हा संशोधन गट, ज्यांनी २०२३मध्ये २२ भारतीय भाषांसाठी इंडिकट्रान्स२ हे भाषांतराचं मॉडेल खुलं केलं. आणि हैदराबादच्या ट्रिपल आयटीतलं एलटीआरसी हे भाषा-तंत्रज्ञान संशोधन केंद्र. शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकलेलं कर्ता, कर्म, करण, संप्रदान तिथे वाक्याचं विश्लेषण करायला वापरतात, हे वाचलं तेव्हा मी ती रात्र जागून त्यांचे जुने प्रबंध वाचले होते. पाणिनीची कारकं आणि संगणकाचा कोड एकाच पानावर मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्याच वाचनात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. एम.टेक. आणि एम.एस. बाय रिसर्च या दोन वेगळ्या वाटा आहेत. ढोबळमानाने एम.टेक. दोन वर्षांचं, त्यात पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण कोर्सेसचं आणि शेवटी प्रकल्प. प्लेसमेंटसाठी हीच वाट सरळ. एम.एस.मध्ये कोर्स कमी, प्रबंध मोठा, आणि वेळ कामावर अवलंबून, बऱ्याचदा दोन वर्षांच्या पुढेच जातो. मार्गदर्शक चांगला मिळाला तर सोनं, नाहीतर तीच वर्षं जड जातात. म्हणून एम.एस.ला जाणाऱ्याने संस्थेइतकाच, किंबहुना जास्त, प्रयोगशाळेचा विचार करावा असं माझं ठाम मत आहे. तिथले विद्यार्थी किती वेळात बाहेर पडतात आणि त्यांच्या नावावर निबंध असतात का, हे दोन प्रश्न मी प्रत्येक ठिकाणच्या विद्यार्थ्यांना विचारले. अनोळखी मुलीच्या ईमेलला बहुतेकांनी मनापासून उत्तर दिलं.

गेट म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा. तिची तयारी ठाण्यातल्या एका अभ्यासिकेत केली. ६५ प्रश्न, १०० गुण, ३ तास, आणि निकालाचा स्कोअर तीन वर्षं चालतो. त्याबद्दल एवढंच सांगते की एकापेक्षा जास्त बरोबर पर्याय असलेल्या आणि संख्या टाइप करायच्या प्रश्नांना उणे गुण नसतात, त्यामुळे ते कोरे सोडू नयेत.

खरा गोंधळ निकालानंतर सुरू होतो, तेव्हा हे जरा सविस्तर. सीओएपी हे आयआयटींच्या ऑफर स्वीकारण्याचं सामायिक पोर्टल आहे. तिथे नोंदणी केली म्हणजे अर्ज झाला, असा समज पक्का करून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. अर्ज प्रत्येक आयआयटीकडे वेगळा करावा लागतो, फी वेगळी, शेवटच्या तारखा वेगळ्या. नंतर फेऱ्यांमध्ये ऑफर दिसतात आणि तीन पर्याय असतात: स्वीकारून थांबायचं, हातची ठेवून पुढच्या फेरीची वाट पाहायची, किंवा नाकारून वाट पाहायची. एनआयटींच्या एम.टेक. प्रवेशाची सामायिक प्रक्रिया, सीसीएमटी, पूर्ण वेगळी. तिथे पसंतीक्रम भरायचा, जागा मिळाली की फ्रीझ (तीच पक्की करायची), स्लाइड (त्याच संस्थेत वरच्या पसंतीची वाट पाहायची) किंवा फ्लोट (कोणत्याही संस्थेतल्या वरच्या पसंतीची वाट पाहायची). बी.टेक.ला एनआयटीत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. एम.टेक.ला तसं नाही, त्यामुळे तमिळनाडू किंवा कर्नाटकातल्या जागेवर ऐरोलीच्या मुलीचा तेवढाच हक्क असतो. घरी हे समजावून सांगितल्यावर ‘बाहेरच्यांना कोण घेणार’ ही बाबांची शंका मिटली.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे ओबीसीचा दाखला. राज्याच्या प्रवेशांसाठी काढलेलं नॉन-क्रिमीलेअर इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि तोही चालू आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला. शिवाय राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही, ते आधी तपासावं. ऐरोली ठाणे तालुक्यात येते, त्यामुळे हे काम ठाण्याला. बाबांनी सुट्टी टाकून एप्रिलच्या सुरुवातीलाच अर्ज लावला, म्हणून मे महिन्यात मी निश्चिंत होते. माझी एक मैत्रीण त्याच काळात शेवटच्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेसाठी धावत होती. निकाल लांबला तर संस्था तात्पुरता प्रवेश देतात, पण हमीपत्रावर पूर्ततेची तारीख लिहिलेली असते. ती नीट वाचावी.

गेटच्या रँकवर पवईचं एम.टेक. मला मिळणार नव्हतं, तिथल्या संगणकशास्त्राच्या जागा अगदी वरच्या रँकला संपतात. मद्रासच्या एम.एस.च्या चाचणीला बोलावणं आलं, निवड झाली नाही. ट्रिपल आयटी हैदराबादची पीजीईई ही स्वतंत्र परीक्षा मी दिली होती. तिच्यासाठी गेटचा स्कोअर लागत नाही, पण गेटचा अभ्यास कामी येतो. मुलाखतीत संभाव्यता आणि ऑटोमाटा झाल्यावर मला विचारलं, तुमच्या शोधाच्या प्रोग्रॅममध्ये काय अडलं? मी फळ्यावर ‘घरासमोरच्यांनाही’ लिहिलं आणि त्याचे तुकडे पाडायला लागले: घर, सामान्यरूपाचा आ, समोर, चा, ना, ही. प्रत्येक तुकड्यावर उलट प्रश्न येत गेले. ‘च्या’चं पुढे ‘च्यां’ का झालं, हा नियम मशीनला कसा द्याल, नियम द्यायचा की उदाहरणांतून शिकू द्यायचं? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर होतं आणि मी तसं सांगितलं. बाहेर आले तेव्हा निवड होवो न होवो, मला इथेच शिकायचं आहे याबद्दल मनात शंका उरली नव्हती.

निवड झाली. त्याच आठवड्यात सीसीएमटीतून दक्षिणेतल्या एका एनआयटीत एम.टेक.ची जागाही मिळाली, आणि घरात खरी चर्चा तेव्हा झाली. एनआयटीत फी कमी, गेटवाल्यांना महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन, दोन वर्षांत पदवी. हैदराबादला फी जास्त, काळ अनिश्चित. एम.एस.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्पांतून विद्यावेतन मिळू शकतं, पण ते केव्हापासून आणि किती, हे मी प्रवेश घेण्याआधी ईमेलने विचारून लेखी घेतलं. प्रत्येकाने घ्यावं. बँकेत चौकशी केली तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही असं कळलं. बाबांनी कागदावर दोन्हीकडचा हिशेब मांडला आणि एकच विचारलं, “हे नाही केलंस तर पुढे चुटपुट लागेल का?” मी हो म्हटलं.

आईची काळजी वेगळी होती. तिच्यासाठी मी सोलापूरच्या एका ताईला फोन लावून दिला. ती तिथूनच एम.एस. करून बाहेर पडली होती. दोघी हॉस्टेल, मेसमधलं तिखट, गच्चीबावलीत रात्री प्रयोगशाळेतून परतताना किती वर्दळ असते, असं बराच वेळ बोलल्या. फोन ठेवल्यावर आईने कल्याणहून हैदराबादच्या गाड्या कोणत्या ते विचारलं.

मुदत संपायच्या आत मी सीसीएमटीची जागा सोडली. पैसे परत मिळतात, काही रक्कम कापून, पण ठरलेल्या फेरीच्या आतच. आता पहिलं सत्र चालू आहे. भाषाशास्त्राच्या कोर्सला वर्गात तेलुगू, बंगाली, मल्याळम, हिंदी बोलणारी मुलं आहेत आणि एकेका वाक्याची कारकं लावताना प्रत्येकाची भाषा वेगळं काहीतरी करते. मार्गदर्शकांशी बोलून मराठीच्या प्रत्ययांवरच काम करायचं नक्की झालं आहे. सध्या बातम्यांतली वाक्यं घेऊन त्यांतल्या शब्दांचे तुकडे हाताने नोंदवते आहे, आणि पहिल्या शंभर वाक्यांतच ‘ठाणे’ किती रूपांत येतं त्याची वेगळी यादी करायला घेतली आहे.