सकाळी ९ चा मेसेज दुपारी अडीचला

ग्राहकांना रोज सकाळी ९ ला जाणारा आठवणीचा मेसेज एका नव्या रिलीजनंतर दुपारी अडीचला जायला लागला. साडेपाच तासांची गडबड म्हटल्यावर यूटीसीचं, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेचं, नाव लगेच तोंडात येतं, तसं माझ्याही आलं. पण टेस्ट तर सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या, आणि वेळेची टेस्ट मीच लिहिलेली!

सेवा गो भाषेतली. ती डॉकरच्या इमेजमधून जायची, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइल्स असा एक बंद डबा. ही इमेज बनवायची कृती, म्हणजे डॉकरफाईल, दोन टप्प्यांची: पहिला टप्पा गोच्या अधिकृत इमेजवर, टेस्ट तिथेच चालायच्या. मग तयार बायनरी (थेट चालणारी फाइल) तेवढी उचलून दुसऱ्या, छोट्या इमेजमध्ये ठेवायची. इमेज हलकी व्हावी म्हणून याच रिलीजमध्ये ही दुसरी इमेज आम्ही डेबियन लिनक्सवरून अल्पाइन या छोट्या लिनक्सवर नेली होती.

आमच्या टेस्टर ताईंनी विचारलं, "चव तू कढईतली बघतोस, डबा उघडून कोण बघतं?"

नेमकं तेच झालं होतं. कोलकात्याचा (म्हणजे भारतीय वेळेचा) टाइमझोन गो आधी सिस्टिमच्या फोल्डरांत शोधतं आणि तिथे मिळाला नाही तर गोच्या इन्स्टॉलेशनसोबत आलेल्या झिपमध्ये. पहिल्या टप्प्यात ती झिप हजर होती. दुसऱ्या इमेजमध्ये मात्र नुसती बायनरी, झिप नाही; आणि अल्पाइनच्या मूळ इमेजमध्ये टाइमझोनची माहिती देणारं टीझेडडेटा पॅकेजही नसतं. त्यात भर म्हणजे, टाइमझोन सापडला नाही तर गुपचूप यूटीसी धरायचं, ही करामत माझ्याच कोडची.

पॅकेज टाकलं आणि टाइमझोन नसेल तर सेवा सुरूच होऊ नये असं केलं. मग टेस्ट शेवटच्या इमेजवर नेल्या. कंटेनर-स्ट्रक्चर-टेस्ट हे गूगलमधून आलेलं साधन घेतलं. एका यामल (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये लिहायचं: अमुक फाइल इमेजमध्ये हवी, यूजर रूट (सर्वाधिकारी) नको. हे अर्ध्या दिवसात जमलं.

खरी मजा पुढे. बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या पाइपलाइनमध्येच कंटेनर (म्हणजे चालू केलेली इमेज) सुरू करून, एक विनंती पाठवून, तो बंद करायला डॉकर स्टॉप द्यायचं ठरवलं. कंटेनर बरोबर १० सेकंद लटकला आणि १३७ कोड देऊन मेला. म्हणजे सिग्टर्मला ('काम आवरून बंद हो' या सिग्नलला) दाद नाही, म्हणून शेवटी सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने बंद. आमची बायनरी एका शेल स्क्रिप्टमधून सुरू व्हायची. पहिली प्रोसेस शेल, त्यामुळे सिग्नल तिथेच अडकायचा. हातातलं काम नीट संपवून बंद होण्याचा कोड आम्ही कधीचा लिहून ठेवला होता, पण प्रॉडक्शनमध्ये तो एकदाही चालला नव्हता. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत बायनरीच्या आधी 'एक्झेक' हा एक शब्द घातला, शेलची जागा बायनरीने घेतली आणि कंटेनर सेकंदाच्या आत बंद व्हायला लागला.

आणखी एक लाजिरवाणी गोष्ट. टेस्टसाठी एकदा आणि डिप्लॉयसाठी पुन्हा, अशी इमेज दोनदा बिल्ड होत होती. म्हणजे तपासलेली इमेज वेगळी, रवाना होणारी वेगळी. आता एकदाच बिल्ड होते आणि तोच डायजेस्ट (इमेजची खूण पटवणारा कोड) शेवटपर्यंत जातो.

एआरएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठीची इमेज अजून टेस्टशिवाय तशीच जाते. दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूवर टेस्ट लावून पाहिल्या, पण इतक्या रखडल्या की तूर्त बंद ठेवल्यात. ताई दर सोमवारी विचारतात.