मीठ घातलेली कणीक

आई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावल्या की त्या भांडी जरा जोरात आपटतात, तासाभराने स्वतःच चहा टाकतात आणि विषय संपतो. आज तसं काहीच झालं नाही. छोटीच्या पाटाखाली पडलेले, तिच्यासाठी केलेल्या खेळायच्या मैद्याच्या गोळ्यांचे पिवळे-गुलाबी तुकडे त्यांनी बोटाने टिपून तळहातावर घेतले, एक कण जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "एवढं मीठ घातलंस? म्हणजे हे आता पाखरालाही चालायचं नाही." बस. मग ते तुकडे कागदाच्या पुडीत बांधून ओल्या कचऱ्यात ठेवून आल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

आता साडेअकरा वाजून गेलेत. सगळे झोपलेत आणि ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

सकाळपासून पाऊस इतका लागला होता की गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसतच नव्हता, नुसता पांढरा पडदा. बालवाडीला सुट्टी दिली. एरवी मी तिला उपवन तलावावर नेऊन एक चक्कर मारून आणते, आज तेही शक्य नव्हतं. बालवाडीच्या बाई मागे म्हणाल्या होत्या की तिची बोटं लवकर दमतात, खडू धरला की अंगठा आत दुमडते, तिला मळायला, चिमटे काढायला, लाटायला काहीतरी द्या. ते माझ्या मनात होतंच. मोठ्याच्या वेळी आम्ही सगळं विकत आणलं होतं. तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन मोठे चमचे तेल, दोन वाट्या पाणी आणि एका लिंबाचा रस. परदेशातल्या कृतींमध्ये लिंबाच्या जागी क्रीम ऑफ टार्टर असतं. ते आपल्याकडे नेहमीच्या वाण्याकडे कुठे मिळणार, आणि आंबटपणाचं काम लिंबूही करतं. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून कढईत घालायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी ते ताकातल्या पिठासारखं पातळ असतं, मग तळाशी धरायला लागतं, आणि वाटतं की आता बिघडलं, फुकट गेलं. तेवढ्यात ते कडा सोडतं आणि सगळंच्या सगळं कालथ्याभोवती गोळा होतं. तो क्षण मला फार आवडतो. ताटात काढून, हाताला तेल लावून, सोसवेल इतपत गरम असतानाच मळलं की गोळा असा मऊ होतो की बोट रुतवलं तर बोटाच्या रेषाही उमटतात. छोटीने पहिल्यांदा तेच केलं. अंगठा दाबला आणि ओरडली, "आई, माझा अंगठा आत राहिला!"

तीन गोळे केले. एकात हळद, एकात बिटाचा रस, एकात पालकाचा. लिंबामुळे बीट छान गुलाबी राहिलं, पण पालक त्याच लिंबामुळे शेवाळी झाला. छोटीला तो चालला. तिने त्याची पानं केली, त्या पानांवर गुलाबी अळ्या ठेवल्या, आणि दीड तास घरात कोणी मोबाइल मागितला नाही. दीड तास!

हे कोणालातरी दिसावं असं मला वाटत होतं, हे लिहिताना आत्ता कळतंय.

मिठाचं म्हणाल तर ते कमी करून चालत नाही. मीठ पिठातलं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे बुरशीला आणि जंतूंना ते पाणी मिळत नाही. म्हणून शिजवलेला गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात कितीतरी आठवडे टिकतो. न शिजवता नुसतं कालवलेलं पीठ आपल्या या दमट हवेत दोन-चार दिवसांत चिकट होऊन वास मारायला लागतं, आणि कच्च्या पिठात जंतू असू शकतात ते वेगळंच. शिवाय मूल तोंडात घालतं तेव्हा खारट लागलं की थुंकून टाकतं. आणि हो, आई म्हणतात ते खरंच आहे, हे पाखरांना घालायचं नसतं. कुत्र्याने असा गोळा खाल्ला तर त्याला मिठाची विषबाधा होऊ शकते. मला हे सगळं माहीत होतं. संध्याकाळी त्यांना हे सांगायला हवं होतं का? पण त्यांनी विचारलं कुठे होतं? त्यांनी फक्त म्हटलं.

मघाशी अंथरुणात पडल्यापडल्या मोबाइलवर वाचत होते. उत्तर शोधत होते, खोटं कशाला बोलू. तो डब्यात मिळणारा रंगीत प्ले-डो मुळात खेळणं नव्हताच. अमेरिकेत सिनसिनाटीमधली एक साबणाची कंपनी भिंतींवरच्या कागदाची काजळी पुसायला तो गोळा विकायची, कारण घरं कोळशावर तापायची आणि भिंती काळ्या व्हायच्या. पुढे कोळसा गेला आणि गोळ्याचं काम संपलं. के झुफॉल नावाच्या बालवाडीच्या बाईंनी तो मुलांना खेळायला दिला, आणि १९५६ साली त्याच गोळ्याला खेळणं म्हणून नवं नाव मिळालं. त्यातही गहू असतोच, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. म्हणजे आई, अर्ध्या जगाची मुलं गव्हाशीच खेळतायत, असं मी मनातल्या मनात त्यांना ऐकवलं. मनातल्या मनात त्यांनी मान हलवली आणि भाजी निवडत राहिल्या.

१९७२ चा दुष्काळ मला तोंडपाठ आहे. लाल मिलोच्या भाकरी, शाळेत वाटलेली सुकडी, खडी फोडायला गेलेली आजी. आई ते रडून सांगत नाहीत, सांगायचं म्हणूनही सांगत नाहीत. पोळ्या लाटताना परातीच्या कडेचं पीठ बोटाने खरवडतात तेव्हा मध्येच एखादं वाक्य येतं. या घरात अन्न टाकत नाहीत. मीही टाकत नाही. माझ्या माहेरीही कोणी टाकत नव्हतं. मग त्या वाक्याने मला अपराध्यासारखं का वाटावं? अर्धा दिवस मी कढईपाशी उभी होते, ऑफिसचा कॉल कानात आणि कालथा हातात. त्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही. हा आला तो घोडबंदरच्या ट्रॅफिकबद्दल बोलत जेवला. गुलाबी अळीकडे बघून "वा" म्हणाला. त्या "वा"बद्दल आज लिहीत नाही.

पण एक गोष्ट मघापासून डोळ्यांसमोर येतेय. रोज संध्याकाळी पोळ्यांच्या वेळी आईच छोटीला कणकेची गोळी देतात. छोटी ती तासभर मळते, फरशीवर थापते, तिचा साप होतो, चंद्र होतो, करडी होते बिचारी. आणि शेवटी आई तिच्याकडून ती मागून घेतात, दोन्ही हातांनी थापून तव्याच्या कोपऱ्यात टाकतात. त्या एवढ्याशा कडक पोळीवर तुपाचा थेंब. छोटी खाते, नाहीतर ती खिडकीच्या ग्रिलवर जाते आणि सकाळी ती तिथे नसते. मी हे रोज बघते.

म्हणजे खेळण्याला त्यांची हरकत नाहीच. कधीच नव्हती. त्यांच्या हिशेबात कणकेचा साप झाला तरी ती कणीकच राहते, परत तव्यावर येते. माझा गोळा परत येणार नाही. त्यांनी कण जिभेला लावून नेमकं तेच बघितलं. माझ्याबद्दल त्या काही बोलतच नव्हत्या, त्या मैद्याबद्दल बोलत होत्या. हे लक्षात आल्यावर बरं वाटायला हवं. थोडं वाटतंय. थोडं अजूनही लागलेलंच आहे, कारण मला त्यांनी माझ्याबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं.

असो. त्या तसं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. माझ्या पहिल्या पुरणपोळ्या फुटल्या तेव्हाही त्या काही बोलल्या नव्हत्या, आणि नंतर जमायला लागल्या तेव्हाही नाही. फक्त पुढच्या होळीपासून पुरण माझ्याकडे आलं, ते आजतागायत माझ्याकडेच आहे. त्याला काय म्हणायचं ते मला माहीत आहे.

मीठ मी कमी करणार नाही. पण पुढच्या वेळी माप अर्धं करेन, एक वाटी मैद्याला अर्धी वाटी मीठ. छोटीच्या दोन मुठींना तेवढं पुरतं. वाळायला लागलेला गोळा कोमट पाण्याचा हात लावून परत मळला की मऊ होतो, आणि पावसात पाणी सुटून चिकट झाला तर चिमूटभर मैदा भुरभुरला की ताळ्यावर येतो, त्यामुळे लगेच नवा करायची गरज पडत नाही. डबा वरच्या फडताळात ठेवेन, कणकेच्या परातीजवळ नाही. आणि आईंना सरळ सांगेन की आई, ही कणीक नाही, हे खेळणं आहे, याचा हिशेब माझ्याकडे. त्यांना ते पटणार नाही. चालेल. संध्याकाळची गोळी त्यांची, दुपारचा गोळा माझा.

छोटीला आता काळा रंग हवाय, म्हशीसाठी. तिन्ही गोळे एकत्र केले तर काळा होईल म्हणून दुपारी मळून बघितले तिने, आणि झाला मातकट. मातकट म्हैस तिला मान्य नाही. शनिवारी पाऊस उघडला तर जांभळी नाक्याला जाऊन खायचा काळा रंग मिळतो का ते बघायचंय, आणि तसंही तूरडाळ आणायचीच आहे.