फुग्यावरचा कागदी वाडगा: सहा दिवस, रोज वीस मिनिटं

पेपर माशे हा मूळ फ्रेंच शब्द आणि त्याचा अर्थ 'चावलेला कागद'. तीन वर्षांचं मूल घरात असेल तर हा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. फुग्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून वाडगा करायचा, हे काम मी आता बऱ्याचदा मुलांना घेऊन केलंय, थोरली सहाची आणि धाकटा तीनचा. एका बैठकीत उरकायला गेलं की बिघडतं. मुलांचा उत्साह वीस मिनिटं टिकतो आणि कागदाचे दोन थर वाळायला एक दिवस लागतो. ही दोन्ही मापं एकमेकांत छान बसतात, म्हणून रोज दोनच थर लावायचे.

पहिला दिवस फक्त कागद फाडण्याचा. कात्री नको. कापलेल्या पट्टीची कड धारदार राहते आणि वाळल्यावर पायरीसारखी वर दिसते. फाडलेल्या कडेला तंतूंची झालर असते, ती खालच्या थरात मिसळून जाते. वर्तमानपत्र एका दिशेनं सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेनं वेडंवाकडं, कारण कागद मशीनवर तयार होतो तेव्हा बहुतेक तंतू एकाच दिशेनं आडवे होतात. कोपऱ्यात उभं आणि आडवं एकदा फाडून बघायचं, सरळ दिशा लगेच कळते. मग मी वरच्या कडेला दर तीन सेंटिमीटरवर बोटभर चीर देऊन ठेवतो. तेवढ्या आधारावर धाकटाही पट्टी शेवटपर्यंत फाडतो. नंतर त्या पट्ट्यांचे साधारण दहा सेंटिमीटर लांबीचे तुकडे करायचे. वीस सेंटिमीटर व्यासाच्या फुग्याचा अर्धा भाग झाकायला एका थराला चाळीसेक तुकडे लागतात, सहा थरांना अडीचशेच्या आसपास. मोजायचं काम थोरलीकडे, दहा-दहाचे गठ्ठे करून.

गुळगुळीत, चकचकीत मासिकांचा कागद घेऊ नये. त्यावरचा लेप खळ आत शिरू देत नाही, पट्टी वाळली की कडा उचलून बसते. साधं वर्तमानपत्र चार थरांना आणि पातळ पांढरा रफ कागद दोन थरांना, असं मी वापरतो. दुसरा आणि पाचवा थर पांढरा. त्यामुळे कुठे कागद बसला आणि कुठे राहिला ते नजरेला दिसतं. सगळे थर एकाच कागदाचे असले तर मुलं समोरच्याच जागी दहा पट्ट्या लावतात आणि मागची बाजू एकाच थराची राहते. पुढे नेमकी तीच बसते.

आता खळ. मैदा नुसत्या थंड पाण्यात कालवूनही चालतो, पण तो चिकटायला कमी, वाळायला सावकाश आणि वाळल्यावर पांढुरका पिठूळ दिसतो. शिजवलेली खळ पारदर्शक होते आणि पातळ असूनही घट्ट धरते. माझं माप असं: अर्धा कप मैदा, त्यात अर्धा कप थंड पाणी घालून गुठळ्या पूर्ण मोडायच्या. दुसरीकडे दोन कप पाणी उकळायचं. उकळत्या पाण्यात ही पेज बारीक धारेनं ओतायची आणि हात थांबवायचा नाही. मंद आचेवर दोन-तीन मिनिटांत पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसायला लागते, तेव्हा आच बंद. वरून एक चमचा मीठ. मिठानं बुरशी थोडी लांबते. मात्र जास्त मीठ घालू नका, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि दमट दिवसांत वाडगा नरम पडतो. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गुठळी बाहेरून शिजते आणि आत कोरडी राहते, मग कितीही घोटा, मोडत नाही. तेव्हा गाळणीतून गाळून घेणं हाच मार्ग.

खळ गार होताना आणखी घट्ट होते, म्हणून गरम असताना ती हवी त्यापेक्षा पातळ दिसली पाहिजे. गार झाल्यावर पळीवाढी राहावी. चमच्याच्या पाठीवर पातळ थर बसून बोटानं ओढलेली रेघ तशीच राहिली की बरोबर. फ्रिजमध्ये ती दोन-तीन दिवस टिकते, म्हणजे सहा थरांना एकदा केलेली पुरते. आंबूस वास आला की फेकून द्यायची. गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर हीच खळ कॉर्नफ्लोअरची करायची, कारण हात तोंडात जाणारच. फार लहान मुलांना छापील कागदाऐवजी कोरा कागद द्यावा, शाई बोटांना आणि तिथून तोंडाला लागते.

फुगा पूर्ण ताणून फुगवायचा नाही. तो जेवढा फुगतो त्याच्या तीन-चतुर्थांश पुरे. उन्हात किंवा गरम खोलीत आतली हवा प्रसरण पावते आणि ताणलेला फुगा मध्येच फुटतो. थंडीत उलट होतं, फुगा आकसतो आणि ओल्या कागदाला सुरकुत्या पडतात. शिवाय फुग्याच्या रबरातून हवा हळूहळू निघून जातेच, दोन-तीन दिवसांत फुगा लहान झालेला दिसतो. म्हणून पहिले दोन थर एकाच बैठकीत लावून एका दिवसात वाळवणं महत्त्वाचं. ते कडक झाले की पुढे फुगा आकसला तरी कवच स्वतःच्या जोरावर उभं राहतं.

गाठ खाली करून फुगा एका जड वाडग्यात बसवतो आणि चिकटपट्टीनं दोन-तीन ठिकाणी काठाला बांधतो. हे केलं नाही तर एकजण पट्टी लावतो आणि फुगा दुसऱ्याच्या दिशेनं फिरतो, मग भांडण. कागद वाडग्याच्या काठाच्या वर दोन बोटं थांबवायचा, नाहीतर काठालाच चिकटतो. फुग्यावर व्हॅसलीनचं अगदी पुसट बोट फिरवलं तर शेवटी तो सहज सुटतो. जास्त लावलं तर पट्ट्या घसरत खाली येतात.

मुलांच्या हातून सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट एकच: खळ जास्त होते. पट्टी भांड्यात बुडवायला दिली की ती बाहेर येईपर्यंत लगदा झालेली असते. मोठ्यांना बोटांच्या चिमटीतून पट्टी ओढून जास्तीची खळ निपटता येते. तीन वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. भांड्याऐवजी मी त्याला ताटली देतो, त्यात दोनच चमचे खळ आणि एक रुंद ब्रश. तो फुग्याला खळ लावतो, थोरली त्यावर कोरडी पट्टी ठेवते आणि तो पुन्हा वरून ब्रश फिरवतो. पट्टी दोन्हीकडून ओली होते, पण ठिबकत नाही. मधून बाहेरच्या बाजूला बोटानं दाबत जायचं, म्हणजे हवा अडकत नाही. अडकलेला फुगवटा वाळला की तिथे पोकळ टोपी राहते आणि रंगाचा ब्रश लागला की फुटते.

पट्ट्यांची निम्मी रुंदी एकमेकींवर यावी. पहिला थर उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. तंतू आलटून पालटून आले की वाडगा कुठल्याच एका दिशेनं वाकत नाही.

गोल बुडाचा वाडगा लोळतो, म्हणून दुसऱ्या बैठकीत, चौथा थर लावायच्या आधी, बुडाला बैठक द्यायची. वर्तमानपत्राची पिळून दोरी करायची, तिचं सहा-सात सेंटिमीटर व्यासाचं कडं करून चिकटपट्टीनं फुग्याच्या माथ्यावर बसवायचं आणि चौथा थर त्या कड्यावरून आतबाहेर नेऊन चिकटवायचा. कड्याच्या आतल्या कोपऱ्यात खळ साचते, ती कागदाच्या बोळ्यानं टिपून घ्या. सगळ्यात उशिरा वाळणारी जागा हीच, आणि बुरशी पहिल्यांदा दिसते तीही इथेच.

"बाबा, वाळलं?" हा प्रश्न दर तासाला येतो. डोळ्यांना दोन-तीन तासांतच वाळल्यासारखं वाटतं, पण आत ओल असते. मुलांना मी तीन परीक्षा शिकवल्यात. गाल लावून बघायचा: ओला कागद गार लागतो, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. नखानं टिचकी मारायची: ओल्यावर 'थप' वाजतं, वाळल्यावर 'टक'. आणि तिसरी खरी परीक्षा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा. खालच्या वाडग्यासकट सगळं उचलून सकाळ-संध्याकाळ वजन करायचं आणि फ्रिजवर लिहून ठेवायचं. आकडा उतरत असेल तोवर पाणी निघतंय. दोन वेळा तोच आकडा आला की पुढचे थर लावायचे. वजन लिहायच्या ओढीनं थोरली बोटं लावायची थांबते, हा वरचा फायदा.

साध्या हवेत दोन थरांना चोवीस तास पुरतात, दमट हवेत दीड ते दोन दिवस धरा. पंखा मंद आणि लांबून, दर दोन-तीन तासांनी वाडगा पाव फेरा फिरवायचा. एकाच बाजूला वारा लागला तर ती बाजू आधी आकसते आणि वाडगा तिकडे ओढला जाऊन काठ तिरपा होतो. हेअर ड्रायर वापरायचा मोह होतो, पण वरचा थर कडक होऊन आतली ओल कोंडते आणि फुगा फुटतो तो वेगळाच.

सहाही थर वाळले की फुगा टाचणीनं फोडायचा नाही, जरी मुलांना फक्त तेवढ्याचसाठी थांबायचं असलं तरी. आत कुठे ओल असेल तर झटक्यानं आकसणारा रबर कागद आत ओढतो. गाठीच्या वर फुगा चिमटीत धरायचा, चिमटीच्या आणि गाठीच्या मध्ये छोटी चीर द्यायची आणि हवा सावकाश सोडायची. फुगा कवचापासून सुटताना बारीक चरचर आवाज येतो, कान लावून ऐकला तर तो फोडण्यापेक्षा मजेचा आहे. रबराचा प्रत्येक तुकडा त्याच क्षणी मोजून कचऱ्यात. न फुगवलेला फुगा किंवा फुटक्या फुग्याचा तुकडा घशात बसून मूल गुदमरू शकतं. आठ वर्षांखालच्या मुलांच्या हाती तो एकटाच पडू द्यायचा नाही.

आतली बाजू अजून दमट असते, कारण इतके दिवस तिथून पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. वाडगा उताणा ठेवून आणखी एक दिवस द्या. इथे घाई करून रंग लावला की ओल आत बंद होते आणि काही आठवड्यांत करडे-काळे ठिपके उमटतात. असा वाडगा टाकून द्यायचा, वरून रंग मारून झाकायचा नाही.

काठ कापणं मोठ्यांचं काम. पेन्सिलनं रेघ, मग कात्री. कापलेल्या काठाला थर सुटे दिसतात, त्यावर दोन बाय चार सेंटिमीटरच्या बारीक पट्ट्या आतबाहेर दुमडून चिकटवायच्या. हे टाळलं तर पहिल्या आठवड्यातच काठ पानांसारखा उलगडतो.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन पातळ हात द्या, नाहीतर छपाईची अक्षरं वर दिसत राहतात. पोस्टर कलर पाण्यात विरघळतात, त्यामुळे शेवटी फेविकॉलचा हात देताना चित्र फिसकटतं. ॲक्रिलिकचं तसं होत नाही, मात्र कपड्यावर वाळलं की निघत नाही, तेव्हा जुने कपडे. ब्रश दिला की मुलं पाणी फार घेतात, खालची खळ पुन्हा ओली होऊन थर सुटतात. स्पंजचे तुकडे दिले की ठसे उमटतात आणि पाणीही बेतात राहतं. शेवटी दोन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी, आतून-बाहेरून एक हात.

उरलेली खळ सिंकमध्ये ओतू नका, नळीत बसून घट्ट होते. कागदात पुसून कचऱ्यात टाकायची, मग भांडं धुवायचं. फरशीवर वाळलेले थेंब खरवडण्यापेक्षा ओलं फडकं पाच मिनिटं ठेवलं की आपोआप उचलतात.

हा वाडगा खडू, बटणं, शिंपले ठेवायला चालतो. खायच्या वस्तूंना नाही, आणि ओल्या हातांनाही नाही. एखादी जागा मऊ पडली तर तिथला रंग खरवडून काढतो, पूर्ण वाळू देतो आणि तिथे दोन पट्ट्या उभ्या, दोन आडव्या लावतो. धाकट्याच्या हातून पडून पोचा आला असेल तर तो आतून बोटानं ढकलायच्या आधी जागा ओल्या ब्रशनं पाच मिनिटं भिजवायची. कोरडा ढकलला की तिथेच तडा जातो.