बदललेल्या इंजिनाची मॅटाडोर आणि नांदुरीचा घाट

नाशिकहून दिंडोरी, वणीमार्गे सप्तशृंगी गडाकडे निघालेली कोणतीही व्हॅन नांदुरीपर्यंत निवांत धावते आणि मालकाची फसगत नेमकी तिथेच होते. आमच्या जुन्या मॅटाडोर व्हॅनमध्ये दुसऱ्या गाडीचे टर्बो डिझेल इंजिन बसवलेले आहे. (त्याची आरसीवर नोंद आहे, ती करून घेतली नसेल तर मोठ्या प्रवासाला निघूच नये.) वणीपर्यंत तापमानाचा काटा निम्म्याच्या वर गेला नाही, परंतु घाट लागल्यावर पुढे भाविकांनी भरलेल्या जीपगाड्या आणि आमची गाडी सतत दुसऱ्या गिअरमध्ये, अशा अवस्थेत तो पाहता पाहता लाल रेषेला टेकला.

निघण्यापूर्वी शहरातील एका गॅरेजवाल्याने ‘रेडिएटर चोक आहे’ (म्हणजे आतून तुंबला आहे) असे ठणकावून सांगून नव्या रेडिएटरचे साडेअकरा हजार रुपये घेतले होते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅटची (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेची) गरजच नसते म्हणून तोही काढून टाकला होता. पहिले काम अनावश्यक होते आणि दुसरे घातक. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी, वाट बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते.

खरे तर गाडी कुठे तापते, यावरूनच निदान अर्धे होते. वेगात तापत असेल तर पाण्याचा प्रवाह तपासावा: रेडिएटर, वॉटर पंप, आणि विशेषतः खालचा होज पाइप, कारण आत स्प्रिंग नसलेला मऊ पाइप इंजिनाचे फेरे वाढले की चिपटतो. वेगात ठीक राहून चढावर किंवा वाहतूक कोंडीत तापत असेल तर दोष रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेचा असतो. आमचे प्रकरण उघडउघड या दुसऱ्या प्रकारचे होते आणि हे गॅरेजवाल्याला कळायला हवे होते.

वळणावर गाडी बाजूला घेऊन, इंजिन चालू ठेवून, वर्तमानपत्राचे पान जाळीसमोर धरले. पंख्यासमोर ते फटकन चिकटले. कोपऱ्यांकडे सरकवले की गळून पडत होते. पंख्याला श्राउड (सगळ्या रेडिएटरमधून हवा ओढली जावी म्हणून पंख्याभोवती बसवलेले आवरण) नसल्यामुळे तो स्वतःच्या वर्तुळापुरतीच हवा ओढत होता. शिवाय नवा रेडिएटर चौकटीपेक्षा अरुंद असल्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटांची फट राहिली होती आणि तिच्यातून इंजिनाकडची गरम हवा पुन्हा पुढे येत होती. इंजिन थंड झाल्यावर झोपायच्या गादीतला फोम कापून त्या फटी बुजवल्या आणि रडतखडत गड गाठला. परतल्यावर नाशिकमधल्या सातपूरच्या पत्राकाम करणाऱ्याकडून श्राउड करून घेतला, त्याचे दोन हजारही झाले नाहीत. इंजिनावरच्या पंख्याची पाती श्राउडमध्ये साधारण निम्मी आत, निम्मी बाहेर असावीत.

अशा गाडीत आणखी एक अडचण हमखास येते. नव्या इंजिनाचा पाणी बाहेर पडण्याचा मार्ग रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच असेल, तर हवा तिथेच अडकते. एक्स्पान्शन टाकी (तापून फुगलेले पाणी सामावून घेणारी) सर्वांत वर बसवावी आणि कूलंट भरताना गाडीचे नाक चढाकडे ठेवावे. झाकणही हलक्यात घेऊ नये: नाशिकच्या उंचीवर उघडे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते, बाराशे मीटरच्या पुढच्या गडावर त्याहून दोन अंश आधी, तर 0.9 बार दाब धरणारे धडधाकट झाकण हा बिंदू वीसेक अंशांनी वर नेते. जुन्या काट्याला नव्या इंजिनाचा सेन्सर जोडलेला असेल तर त्या काट्यावर मुळीच विश्वास ठेवू नये. दोघे एकाच गाडीचे असावेत किंवा वेगळा काटा बसवावा.

गडावरून पुढे सापुताऱ्याला गेलो, तिथे मुक्काम उत्तम झाला, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. नांदुरीचा घाट मात्र एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चढूच नये, आणि चैत्रोत्सवाच्या गर्दीत तर स्वतःची व्हॅन नांदुरीतच ठेवून एसटीने वर जावे. तरीही चढायचेच असेल तर सकाळी सातच्या आत पायथा सोडावा, एसी बंद ठेवावा, हीटर असल्यास पूर्ण उघडावा, आणि काटा तीन चतुर्थांशावर आला की थांबून इंजिन बंद न करता जरा जास्त फेऱ्यांवर चालू ठेवावे. गरम झाकणाला किमान अर्धा तास हात लावू नये.